फिल्टरमधला पांढरा थर

जॉब शीटवर तक्रार एका ओळीची होती: 'कामवालीने पाणी ओढलं, मशीन चालू होऊन बंद पडतं.' ज्या तक्रारीत निदान आणि दोषी दोन्ही आधीच लिहून येतात, ती वाचली की माझं डोकं तडकतं. ग्राहकाने लक्षण सांगावं, कारण शोधायचा पगार आम्हाला मिळतो. पण फोन घेणारी मुलं समोरचा बोलेल ते टाइप करतात. उलट दोन प्रश्न विचारायला त्यांना कुणी शिकवलेलंच नाही.

मी व्हॅक्यूम क्लीनर दुरुस्त करतो, जास्त करून महागडे. लोकांना वाटतं, अशा मशीनचा घात नाण्यांनी, खिळ्यांनी, मुलांच्या खेळण्यांनी होतो. नाणं खडखडतं, पाइपात अडकतं आणि काढलं की विषय संपतो. मशीन मरतं ते निरुपद्रवी दिसणाऱ्या गोष्टींनी. फिल्टर धुतला आणि पूर्ण वाळायच्या आत बसवून टाकला. गालिच्यावर सुवासिक पावडर टाकली आणि ती ओढून घेतली. लांब केस फिरत्या ब्रशच्या टोकाशी आत शिरले आणि बेअरिंगभोवती इतके आवळले की प्लास्टिक वितळलं. राख विझली असं वाटलं आणि आत एक निखारा जिवंत होता. आमच्याकडे येणाऱ्या मशीनपैकी बहुतेकांची कहाणी यातलीच कुठली तरी असते.

दार ताईंनी उघडलं. मशीन हॉलच्या मधोमध आणून ठेवलेलं होतं आणि घरकाम करणाऱ्या मावशी स्वयंपाकघराच्या दाराशी हातातलं फडकं तसंच धरून उभ्या होत्या. "यांना शंभरदा सांगितलं, ओल्यावर चालवू नका म्हणून," ताई म्हणाल्या. "त्या दिवशी बादली सांडली आणि तेव्हापासून हे सुरू झालं." मावशी काहीच बोलल्या नाहीत. मी विचारलं, "मावशी, पाणी ओढलं होतं का?" त्या म्हणाल्या, "फडक्यानं पुसलं होतं हो. मशीन लावलंच नव्हतं." ताईंनी मान फिरवली.

मशीन लावलं. आवाज चढा, बारीक, शिट्टीकडे झुकणारा. "बघा, पॉवर तर फुल आहे," ताई म्हणाल्या. इथेच बहुतेकांची फसगत होते. हवेचा रस्ता तुंबला की आवाज चढतो, आणि माणसाला वाटतं मशीन जास्त जोर लावतंय. होतं नेमकं उलटं. आतल्या पंख्याचं काम हवा ढकलायचं. ढकलायला हवाच नसेल तर पंख्यावरचा भार उतरतो, मोटर सैल सुटते आणि तिचे फेरे वाढतात. माझ्याकडे एक छोटी एक्स्टेंशन आहे, तिच्या तारा मी सुट्या करून ठेवल्यात, म्हणजे एका तारेवर क्लॅम्प मीटर लावता येतो. मशीनच्या प्लेटवर २००० वॅट लिहिलेलं. त्या मानाने करंट साडेआठ अँपिअरच्या आसपास यायला हवा होता, मीटर सहाच्या खाली दाखवत होता. आवाज मोठा, काम कमी. मी मीटर ताईंसमोर धरला, पण त्यांचं म्हणणं तेच, "दोन हजार वॅटचं आहे, एवढ्याशाने काय होतंय त्याला!"

या वॅटच्या आकड्याने लोकांचं फार नुकसान केलंय. वॅट म्हणजे मशीन वीज किती खातं ते, ओढतं किती ते नव्हे. युरोपियन युनियनने १ सप्टेंबर २०१४ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या व्हॅक्यूम क्लीनरवर १६०० वॅटची मर्यादा घातली आणि १ सप्टेंबर २०१७ पासून ती ९०० वर आणली. ९०० वॅटची चांगली मशीनं आजही उत्तम ओढतात, कारण पंख्याचा आकार, हवेची वाट आणि रबरी सील यांवर मेहनत घ्यावी लागली. पण दुकानात खोक्यावर मोठा आकडा लागतो आणि घरी आलेला माणूस समजतो की आपल्याकडे राक्षस आहे, त्याला काहीही चारावं.

काही मिनिटांत मशीन आपोआप गप्प झालं. थर्मल कटआऊट. घरातल्या बहुतेक मशीनमध्ये ओढलेली हवाच फिल्टरमधून पुढे जाऊन मोटरवरून फिरते आणि तिला थंड ठेवते. वेगळा पंखा नसतो. म्हणजे हवा कमी झाली की ओढही कमी आणि थंडावाही कमी. तापमान हद्दीबाहेर गेलं की कटआऊट वीज तोडतो, निवलं की पुन्हा जोडतो. तो मशीन वाचवायला बसवलेला असतो. ताईंच्या घरी गेले काही आठवडे असंच चाललं होतं: बंद पडलं की बाजूला ठेवायचं, थोड्या वेळाने परत लावायचं. प्रत्येक वेळी वाइंडिंगवरचं, म्हणजे मोटरमधल्या तारेच्या वेढ्यांवरचं, वॉर्निश त्या हद्दीपर्यंत भाजून निघालं. शेवटी जळका वास यायला लागला, तेव्हा फोन केला. मशीन इतक्या वेळा थांबून सांगत असताना ते पुन्हा पुन्हा चालू करायचं, हे मला आजही समजत नाही.

मी खाली वर्तमानपत्र पसरलं आणि मशीन उघडायला घेतलं. पाणी गेलेल्या मशीनच्या खुणा ठरलेल्या असतात. धुळीच्या डब्याला आतून पाण्याची रेघ उमटते. सायक्लोनच्या, म्हणजे हवेतून धूळ वेगळी करणाऱ्या भागाच्या, शंकूंमध्ये चिखल होऊन वाळतो. फिल्टर कडक आणि वेडावाकडा होतो, त्याला कुबट वास येतो. कनेक्टरच्या पितळी पट्ट्यांवर हिरवट बुरशीसारखं काही तरी चढतं, आणि पंख्याच्या बाजूच्या बेअरिंगवर तांबूस गंज. बादली सांडल्यापासून एवढा काळ गेला होता की पाणी आत गेलं असतं तर यातलं काही ना काही दिसायलाच हवं होतं. मी एक एक जागा टॉर्च लावून बघितली. डबा कोरडा, पट्ट्या लखलखीत, गंजाचा ठिपका नाही.

दिसली ती पूड. पांढरी, मऊ, बोटाला चिकटणारी. सायक्लोनच्या शंकूंची खालची तोंडं तिने पार बुजवून टाकली होती. सायक्लोन हवेला गरगर फिरवतो, जड कण बाहेर फेकले जाऊन डब्यात पडतात. पण अतिसूक्ष्म कणाला वजनच नसल्यासारखं असतं, तो हवेबरोबर वळतो आणि थेट फिल्टरवर जाऊन बसतो. घरातल्या धुळीत तंतू, केस, त्वचेचे पापुद्रे असतात, तिची लव तयार होते आणि त्या लवेतून हवा जात राहते. भिंत घासताना उडणाऱ्या पुडीत तंतू नसतो. ती फिल्टरच्या प्रत्येक छिद्रात ठासून बसते. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवतो हे खरं, पण अडवलेलं सगळं त्यालाच पोटात ठेवावं लागतं. अशा कामासाठी वेगळी मशीनं मिळतात. त्यांना धुळीच्या धोक्यानुसार एल, एम, एच असे वर्ग असतात आणि फिल्टर झटकून मोकळा करायची सोय असते.

मग मी मोटरच्या आधीचा फिल्टर चिमट्याने उलगडला. त्याची एक घडी ब्लेडने हलकेच उभी कापली, तेव्हा तिची कड स्पष्ट दिसली. कापडाला लागून पातळ करडा थर, म्हणजे नवं असतानाची रोजची धूळ. त्यावर पांढरा थर, करड्याच्या कितीतरी पट जाड. आणि सगळ्यात वर पुन्हा करडी, अगदी विरळ लव. जे आधी येतं ते कापडाजवळ बसतं, नंतरचं त्यावर. मशीन नीट चाललं, मग कुणीतरी थोड्या काळात भरमसाट पूड ओढली, आणि त्यानंतर तुंबलेल्या फिल्टरवर रोजची सफाई रेटत राहिली. एवढं त्या घडीत वाचता येत होतं.

केबलचं रीळही बघून घेतलं. केबलवर पिवळी खूण असते आणि त्याच्या पुढे शेवटाजवळ लाल. रोजच्या सफाईत कुणी सहसा पिवळ्यापर्यंतही केबल ओढत नाही. इथे पिवळ्याच्याही पुढच्या केबलवर पुट्टीचे बोटांचे ठसे होते, आणि रिळाच्या तळाशी पांढरी पूड साचलेली. मोटर हाताने फिरवली तर बेअरिंगमधून करकर जाणवली. ग्रीस टूथपेस्टसारखं घट्ट झालं होतं. ही मोटर मिनिटाला तीस हजारांच्या आसपास फेरे घेते, त्या वेगात असलं ग्रीस म्हणजे पॉलिश पेपरच. मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन ब्रश एका बाजूने झिजलेले, ते ज्यावर घासतात त्या कम्युटेटरवर बारीक चरे. मोटर गेली होती.

"ताई, यात पाणी गेलेलं नाही. ही भिंतीची पूड आहे. घरात पुट्टीचं काम झालं होतं का?"

"झालं ना, दोन खोल्यांचं. पण ते कधीच संपलं. आणि हे तर आत्ता आत्ता बिघडलं."

मी घडीची कड दाखवली. त्या वाकून बघत होत्या, तेवढ्यात मावशी दारातूनच म्हणाल्या, "काम चालू होतं तोवर मला येऊ नका म्हणाला होतात ना, ताई. रंगारी पोरंच आवरून जात होती."

ताई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हो, मशीन मीच दिलं होतं त्यांना. पण नुसतं शेवटचं झाडून घ्यायला." मावशींनी विचारलं, "मग पगारातून कापायचं म्हणत होता, ते?" ताई म्हणाल्या, "ते आपण नंतर बघू."

त्या क्षणी मी गप्प बसू शकलो असतो. जॉब शीटवर कारणाचे तीनच कोड आहेत: उत्पादनातील दोष, नैसर्गिक झीज, गैरवापर. मी तिसरा लिहिला की कंपनीपुरता विषय संपतो, दुरुस्तीचे पैसे ग्राहकाने भरायचे. मशीन पाण्याने गेलं काय किंवा पुडीने, कोड एकच. पण त्या घरात तोच कोड मावशींच्या नावावर जमा होणार होता. मी म्हटलं, "मावशींचा यात काही संबंध नाही, ताई. मी शीटवर तसं लिहून देतो." आणि शेऱ्यात लिहिलं: 'पाण्याची कोणतीही खूण नाही. बांधकामाची सूक्ष्म पूड फिल्टर, सायक्लोन, बेअरिंग व केबल रिळात. पुडीवर नंतरच्या वापराचा थर.' सही घेतली, मशीन वर्कशॉपला घेऊन आलो.

पुढे ताईंनी माझ्याविरुद्ध तक्रार केली. कामाबाहेरचं बोलतो, नोकरमाणसांसमोर अपमान करतो. सुपरवायझरने बोलावलं आणि सांगितलं, "आपण मशीन बघतो, माणसं नाही." ते चांगले गृहस्थ आहेत, कामही जाणतात, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे हे मी मान्य करतो. घरोघरी जाणाऱ्या माणसाने न्यायनिवाडे करायला लागलं तर कुणी दार उघडणार नाही. पण आरोप शीटवर छापून आमच्या हातात देतात, आणि तो खोटा ठरला तर तेवढ्याच जागेत ते लिहायचं नाही, हे कुठलं गणित?

राग ताईंवर फारसा नाही. त्यांनी माहितीपुस्तिका वाचली नसेल, कुणीच वाचत नाही. त्यात सूक्ष्म पुडीबद्दलची सूचना इतर इशाऱ्यांच्या गर्दीत बारीक टायपात असते. राग आहे तो विकणाऱ्यांवर. दुकानातला प्रात्यक्षिकवाला गालिच्यावर मूठभर पावडर ओततो, पायाने चोळतो आणि एका फटक्यात ओढून दाखवतो. टाळ्या मिळतात. त्याचं मशीन संध्याकाळी साफ होतं, फिल्टर हवा तेव्हा नवा मिळतो. घेणारा घरी जाऊन तेच करतो, कारण त्याला तेच शिकवलंय. मग मोटर जळते आणि गैरवापराचा शिक्का मारायला मला पाठवतात. रंगाऱ्याच्या पोरांनाही मी दोष देत नाही. त्यांच्याकडे ना मास्क ना धुळीसाठी योग्य मशीन. ठेकेदाराने द्यायला हवं ते दिलं नाही, समोर जे आलं ते त्यांनी वापरलं.

मोटर, दोन्ही फिल्टर आणि सायक्लोनचा भाग बदलून मशीन परत गेलं. पोचवायला दुसरा मुलगा गेला होता, त्यामुळे पगार कापला की नाही हे मला कळलेलं नाही. त्याला विचारलं तर म्हणाला, दार ताईंनीच उघडलं, बाकी कुणी दिसलं नाही. त्यावरून काहीच ठरत नाही.

सुपरवायझरनी शेरा छोटा करायला सांगितलं, 'पूड आढळली' एवढंच ठेव म्हणाले. मी बदलला नाही. शेऱ्यांचा त्रास होत असेल तर शीटवर 'आत काय सापडलं' असा एक रकाना वाढवावा: पाणी, बांधकामाची पूड, राख, केस, गालिच्याची पावडर. समोर खूण करायची, बास. मी हे कधीपासून मागतोय, आणि या प्रकरणानंतर लेखी अर्जही दिलाय.