नंदवाळची वारी, फादर आणि बिनपाकिटाचा मी

पहिलंच सांगून टाकतो, मी काही मोठा वारकरी नाही. पंढरपूरला चालत एकदाही गेलेलो नाही, वर्कशॉप बंद ठेवून पंधरा-वीस दिवस जायची ऐपत नाही आणि खरं सांगायचं तर तेवढा दमही नाही. पण कोल्हापूरकराची देवानं सोय केलीय, शहराजवळचं नंदवाळ गाव. आषाढीला सकाळी मिरजकर तिकटीच्या विठ्ठल मंदिरातनं दिंडी निघते, पुईखडीला रिंगण होतं, आणि दिवस मावळायच्या आत नंदवाळात विठ्ठलाचं दर्शन. प्रतिपंढरपूर म्हणतात त्याला, दुसऱ्या दिवशी सकाळी परत लेथ मशीनवर हजर.

तसा मी दरवर्षी असतो पण वाटणाऱ्यांच्यात. आमच्या गल्लीतल्या पोरांचा ग्रुप वाटेवर खिचडी आणि केळी वाटतो, कढईवर मी. "घ्या माऊली, अजून घ्या माऊली" करत दुपारपर्यंत घसा बसतो आणि छाती जरा फुगलेली असते, खोटं कशाला बोला.

२०२५ ला आषाढी ६ जुलैला आली, रविवारी. त्याच्या आधी चार दिवस फादरांचा फोन. फादर म्हणजे मी पुण्यात आयटीआयला होतो तेव्हा ज्या होस्टेलवर राहायचो तिथले वॉर्डन. मूळचे वसईचे, मराठी आपल्यापेक्षा चांगलं, आता सत्तरीला आलेत. म्हणाले कोल्हापुरात कामाला येतोय, तुझी ती नंदवाळची वारी चालायचीय. मी म्हटलं या की, तुम्हाला खिचडीच्या स्टॉलवर खुर्ची टाकून देतो. तर म्हणाले, "खुर्ची नको. आणि तू पण कढई सोडायची. पाकीट, मोबाईल घरी ठेवून चालायचं, जमतंय का बघ."

आता हे पाकिटाचं काय ते सांगायला लागेल. फादर जेझुइट आहेत, मराठीत येशूसंघ म्हणतात. इग्नेशियस लोयोला नावाच्या स्पेनच्या बास्क भागातल्या माणसानं काढलेला संघ, पोपनं त्याला १५४० ला मान्यता दिली. २०२५ च्या एप्रिलमध्ये जे पोप वारले, फ्रान्सिस, ते याच संघातले, आणि या संघातून झालेले पहिलेच पोप. तर या संघात घेताना पोरांना पहिली दोन वर्ष तावूनसुलाखून बघतात. महिनाभर मौनात साधना, महिनाभर हॉस्पिटलात रुग्णसेवा, भांडीधुणी-झाडलोट, पोरांना शिकवणं, असं सगळं, आणि त्यातच एक महिना तीर्थयात्रा, खिशात एक पैसा न घेता, लागेल ते दारोदार मागून. कशाला, तर पैशावर आणि वस्तूंवर ठेवलेला भरवसा सुटावा आणि अर्धपोटी, कुठंही झोपायची सवय लागावी म्हणून. हे त्यांच्या घटनेतच लिहिलेलं आहे, इग्नेशियसनी स्वतः. मला होस्टेलवर असताना हे माहीत होतं पण तेव्हा वाटायचं असेल काहीतरी चर्चमधलं.

तर रविवारी सकाळी मी मिरजकर तिकटीला, पाकीट घरात, मोबाईल बायकोकडे. खिसा रिकामा असला की हात सारखा खिशाकडं जातो हे मला त्या दिवशी कळलं, पहिल्या तासात वीसेक वेळा तरी चाचपलं असेल. फादर पायजमा-शर्ट आणि वर टोपी. मी विचारलं, तुमचा तो पांढरा झगा नाही का? तर येशूसंघाचा असा वेगळा वेष नसतोच म्हणे, ज्या गावात राहायचं तिथल्या साध्या माणसासारखं राहायचं. आणखी एक, बऱ्याच मठांत दिवसातून ठरलेल्या वेळांना सगळ्यांनी मिळून स्तोत्रं गायची सक्ती असते, इग्नेशियसनी ती काढून टाकली कारण माणूस कामाला कुठंही पाठवता आला पाहिजे. फादर हसून म्हणाले, "बरंच झालं, मला गाता येत नाही." हे मात्र शंभर टक्के खरं. ज्ञानोबा-तुकाराम सुरू झालं, पखवाज वाजायला लागला आणि फादरांची टाळी प्रत्येक वेळी अर्धा ठोका मागनं. शेजारचा टाळकरी दोनदा वळून बघितला, तिसऱ्यांदा त्यानं हसून त्यांच्या हातात स्वतःचे टाळ दिले, त्यानं तर अजूनच बिघडलं.

रंकाळ्याकडनं वारं आणि बारीक पाऊस. चालता चालता फादर सांगत होते, वारीत चालणारे ते काही पहिले नव्हेत, दलरी नावाचे फ्रेंच जेझुइट १९५० च्या दशकात आळंदीहून पालखीबरोबर चालले होते, विठोबाच्या उपासनेवर त्यांनी लिहिलेलं पुस्तक १९६० ला पुण्यात डेक्कन कॉलेजनं छापलं. आणि त्याच्याही आधी, म्हणजे शिवाजी महाराजांचा जन्म व्हायच्या आधी, थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट गोव्यात राहून मराठी शिकला आणि बायबलच्या कथेवर अकरा हजारांच्या आसपास ओव्या लिहिल्या, १६१६ ला छापल्या. ओवीच कशाला म्हटलं, तर "लोकांच्या तोंडात तीच होती ना."

मग इग्नेशियसची गोष्ट निघाली आणि ती मात्र मी कान देऊन ऐकली. हा मूळचा शिपाईगडी, नावाचा, इभ्रतीचा भारी सोस. १५२१ ला पॅम्पलोनाच्या लढाईत तोफेचा गोळा पायावर बसला. घरी आणून हाड बसवलं ते वाकडं बसलं, एक तुकडा वर आला, तर या गड्यानं तो कापून काढायला लावला, का तर त्या काळची फॅशनची घट्ट बुटं घालता यायला पाहिजेत! भूल नाही बिल नाही. तो अंथरुणात पडून असताना शौर्याच्या कादंबऱ्या मागत होता, घरात होत्या फक्त ख्रिस्ताच्या आणि संतांच्या चरित्रांच्या पोथ्या, त्या वाचल्या आणि माणूस फिरला. आयुष्यभर एका पायानं लंगडत चालला, पण चालला. म्हातारपणी स्वतःची हकीकत सांगितली त्यात 'मी' म्हणतच नाही, सगळीकडे 'तो यात्रेकरू' म्हणतो.

त्यातली एक गोष्ट माझ्या डोक्यात बसलीय. जेरुसलेमला जायला बार्सिलोनात जहाज धरायचं होतं. भीक मागून मिळालेली पाचसहा नाणी खिशात उरली होती. ती त्यानं किनाऱ्याजवळच्या एका बाकावर ठेवली आणि जहाजात चढला. कुणाला दिली नाहीत, दान केलं नाही, नुसती ठेवली. मी म्हटलं फादर, कुणा गरिबाला तरी द्यायची. ते म्हणाले, "दिली असती तर परत देणाराच झाला असता की."

यावर मी काही बोललो नाही. कढई आठवली.

पुईखडीच्या चढाला माझ्या पायतानाचा अंगठा तुटला. चूक माझीच, पावसात कातडी पायतान कोण घालतं, पण तेव्हा प्राडा कंपनीनं इटलीत फॅशन शोच्या रॅम्पवर कोल्हापुरीसारखं पायतान दाखवल्याचं प्रकरण नुकतंच गाजलेलं, अंगात आलं होतं की आपलं पायतान घालूनच वारी करायची. आता अनवाणी वारी करणारे लोक असतात, मला माहितीय, पण माझ्या टाचेला भेगा आणि डांबरावर ही बारीक खडी. दोनशे पावलात डोळ्यातनं पाणी. नेहमीचा दिवस असता तर कोपऱ्यावरनं दीडशेची रबरी चप्पल घेतली असती, नाहीतर रिक्षाला हात केला असता. खिशात काही नाही. मी म्हटलं फादर, मी जातो परत, रिक्षा घरी गेल्यावर भागवतो.

ते रस्त्याच्या कडेला उभे राहिले आणि त्यांनी मला इग्नेशियसचा एक नियम सांगितला, की मन खाली गेलेलं असतं, सगळं नकोसं झालेलं असतं त्या वेळी आधी शांतपणे घेतलेला निर्णय बदलायचा नाही. मन ताळ्यावर आलं की मग खुशाल बदल. म्हटलं हे ठीकाय पण पायाचं काय? "पायाचं मागून बघ."

मागून बघ! लगा, मी सहा माणसांना पगार देतो. समोर एक घर होतं, पत्र्याच्या शेडखाली एक बाई वारकऱ्यांना पाणी देत होती, तिच्यापुढनं मी दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा नुसतं पाणीच पिऊन आलो. तिसऱ्यांदा गेलो तर तीच म्हणाली, "काय झालं दादा, पाय का उचलून धरलाय?" मी म्हटलं पायतान तुटलं, जुनी एखादी चप्पल असली तर... आणि तिथंच गप्प झालो, वाक्य पूर्ण होईना. कान तापले होते. ती आत गेली आणि निळी स्लिपर घेऊन आली, एक नंबर लहान, टाचेकडं झिजून कागद झालेली. मी लगेच, घर लक्षात ठेवतो हं ताई, आणून देतो हं, पाकीट घरी राहिलंय हो, असं एका दमात. पाकीट घरी राहिलंय हे सांगायची काय गरज होती? तिनं विचारलं नव्हतं.

फादरांना मी हे सांगितलं तर ते पोट धरून हसले आणि मग स्वतःचं सांगितलं. त्यांच्या त्या महिन्याच्या यात्रेत, त्यालाही आता पंचेचाळीसेक वर्षं झाली, तिसऱ्या दिवशी एका गावात एका बाईनं हातावर भाकरी ठेवली आणि वर म्हणाली, चांगले धडधाकट दिसताय की, काम का करत नाही? "तिला सांगायला जीभ नुसती वळवळत होती, बाई मी बीएस्सी फर्स्ट क्लास आहे. नाही सांगितलं. भाकरी खाल्ली. पण मनात सांगितलंच ना. ते मी रात्री लिहून ठेवलं."

लिहून ठेवलं म्हणजे येशूसंघातलं रोजचं आत्मपरीक्षण. दिवसातून दोनदा करायचं असतं, दुपारी आणि रात्री. आधी दिवसाबद्दल आभार, मग नीट दिसू दे म्हणून मागणं, मग सकाळपासूनचा दिवस तासातासानं बघायचा, चुकलं त्याचं वाईट वाटून घ्यायचं, पुढचं ठरवायचं. एवढंच. बाकी प्रार्थना आजारपणात सुटली तर चालेल, हे सुटता कामा नये. आणि एखादी खोड काढायची असली तर तिच्यासाठी वेगळी वही, दिवसाला दोन ओळी आखायच्या, एक दुपारपर्यंतची, एक रात्रीपर्यंतची, आणि ती खोड जितक्या वेळा झाली तितकी टिंबं त्या ओळीवर. मग कालची ओळ आजच्याशी, हा आठवडा मागच्याशी ताडून बघायचा. मी म्हटलं फादर, हे तर आमचं रिजेक्शन रजिस्टर! उद्यमनगरात आमच्या वर्कशॉपात प्रत्येक शिफ्टला किती जॉब, म्हणजे बनवलेले पार्ट, व्हर्नियरनं मोजल्यावर मापात बसले नाहीत ते आम्ही असंच टाकतो, आणि बघायचं असतं ते हेच की कोणत्या मशीनवर, कोणत्या वेळेला साईज हुकतीय. ते म्हणाले अगदी तसंच, फक्त मशीन बदलता येत नाही.

रिंगण बघितलं, त्याचं वर्णन करत नाही, घोडा पळाला की जे होतं ते सगळ्यांना माहितीय. त्यानंतर एक आज्जी आमच्याबरोबर चालायला लागली, डोक्यावर तुळस. फादरांना विचारलं कुठलं गाव माऊली? वसई. "लांबनं आलासा की. काय करतासा?" ते सरळ म्हणाले, "आज्जी, मी चर्चमधला फादर आहे." मला उगंच धस्स झालं. आज्जी दोन पावलं चालली. "म्हंजे बायकापोरं न्हाईत?" नाहीत. "पगार?" येतो तो संघाकडं जातो, लागेल तेवढं तिथनं मिळतं. "आणि पाठवतील तिकडं जायचं?" हो. आज्जी म्हणाली, "मग बरं हाय की. आमचं ह्यास्नी ह्यातलं एकबी जमलं न्हाई." आणि पिशवीतनं राजगिऱ्याचा लाडू काढून अर्धा त्यांना, अर्धा मला. मी नको नको म्हणत होतो, फादरांनी हात पुढं केला, घेतला आणि खाल्ला. उपकाराचं एक वाक्य नाही, नुसतं आज्जीकडं बघून हसले. तेवढं त्यांना येतं आणि मला येत नाही, बाकी देवाधर्मातलं मला फारसं कळत नाही.

नंदवाळात रांग भरपूर, कळस बघूनच हात जोडले. परत येताना एका टेम्पोवाल्यानं मागं बसवून आणलं.

पुढच्या रविवारी स्लिपर धुवून, अर्धा किलो कंदी पेढे घेऊन मी पुईखडीला त्या घरी गेलो. ताईंनी मला ओळखलंच नाही. स्लिपर दाखवली तेव्हा म्हणाल्या, "ही व्हय, ठेवा की तुमच्याकडं, पोरगं आर्मीत गेलंय, त्याला बुटं मिळत्यात." पेढे गल्लीतल्या पोरांनी जागेवर संपवले, मला एक दिला. स्लिपर आता आमच्या मोरीच्या दारात असते. बायको दोनदा टाकायला निघाली होती.