पाण्याच्या रॉकेटची मोटर: सगळा खेळ २२ मिलिमीटरच्या मानेत

घरी रॉकेट करायचं म्हटलं की पहिला प्रश्न स्फोटक दारूचा येतो, तो आधीच निकालात काढू. १८८४ चा स्फोटक कायदा आणि २००८ चे स्फोटक नियम यांच्याखाली परवान्याशिवाय असं मिश्रण तयार करणं गुन्हा आहे, मग ते कुपवाडच्या गाळ्यात करा की घरच्या माडीवर. शिवाय भाजलेला हात पुन्हा पूर्वीसारखा होत नाही. इथे फक्त पाणी आणि हवा आहे: दाबलेली हवा बाटलीतलं पाणी मागे फेकते आणि रॉकेट वर जातं. पण ‘फक्त’ म्हणून हसू नका. मॉडेल रॉकेटच्या मोटरींची प्रतवारी आवेगावर, म्हणजे जोर गुणिले वेळ यावर होते: सी म्हणजे ५ ते १० न्यूटन-सेकंद, डी म्हणजे १० ते २०. दोन लिटरची बाटली, साडेसहाशे मिली पाणी आणि ६० पीएसआय दाबाची हवा यांचा हिशेब सरळ डी वर्गात जाऊन बसतो.

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात ही रॉकेटं दरवर्षी दिसतात. त्यांवर रंग, तिरंगा, टोकदार नाक, सगळं असतं, आणि उडतात मात्र माडीइतकी. कारण मेहनत जाते अंगावर आणि मोटर राहते तशीच. पाण्याच्या रॉकेटची मोटर म्हणजे बाटलीची मान, मानेत बसणारी ओ-रिंग (रबराचं गोल कडं) आणि मान धरून ठेवणारा लाँचर. या तिघांवर वेळ घाला, बाकीचं एका संध्याकाळचं काम आहे.

बाटली फक्त सोडा-कोल्ड्रिंकची. बिसलेरीसारख्या साध्या पाण्याच्या बाटलीला आतून दाब सोसायचाच नसतो. तिची भिंत पातळ आणि खाचाखाचांची, ती ताणली जाते आणि फाटते. कोल्ड्रिंकच्या बाटलीचं बूड पाच पाकळ्यांचं असतं, तीच तिची ओळख. चांगली दोन लिटरची बाटली फुटायला साधारण १५० पीएसआय लागतात, म्हणून उड्डाण ६० वर करायचं आणि उड्डाणासाठी हवा भरताना ८० ची रेघ कधीच ओलांडायची नाही. बाटलीवर खोल ओरखडा, चुणी किंवा बुडाच्या पाकळ्यांपाशी पांढरट रेघ दिसली की ती बाद. उन्हात गाडीत पडून राहिलेली, गरम पाण्याने धुतलेलीही बाद. पेट, म्हणजे बाटलीचं प्लास्टिक, ७० अंशांच्या वर मऊ पडतं आणि आकार सोडतं. याच कारणाने बाटलीला ग्लू गन लावू नये. गरम गोंद जिथे टेकतो तिथे भिंत दुबळी होते आणि पुढे तिथूनच जाते.

आता हिशेब. ६० पीएसआय म्हणजे सुमारे ४.२ किलो प्रति चौरस सेंमी. या दाबाखाली पाणी मानेतून सेकंदाला जवळपास २९ मीटर वेगाने बाहेर पडतं. मानेचा आतला व्यास २१.७ मिमी धरला तर सुरुवातीचा जोर ३०० न्यूटनच्या आसपास येतो, म्हणजे ३० किलोचं वजन उचलण्याइतका. रॉकेट पाण्यासकट आठशे-साडेआठशे ग्रॅम. सगळं पाणी सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आतच संपतं, आणि तोवर दाब निम्म्यावर आलेला असतो.

पाणी एक तृतीयांशच का, याचंही उत्तर इथेच आहे. काम करते ती हवा. पाणी हे मागे फेकायचं वजन. बाटली दोन तृतीयांश भरली तर हवेला जागा उरते जेमतेम सातशे मिली. ती पसरत दोन लिटर होईपर्यंत तिच्यात काहीच दम उरत नाही. शेवटचं पाणी नुसतं गळतं, रॉकेट ते ओझं घेऊन थोडं वर जातं आणि जमलेल्यांना भिजवून खाली येतं. उलट पाणी फारच कमी घातलं तर हवा फुस्स करून निघून जाते. दोन लिटरला ६०० ते ७०० मिली. मोजपात्राने मोजून घ्या, अंदाजाने नको.

लाँचरची पाइप. बऱ्याच ठिकाणी अर्धा इंची पीव्हीसी वापरतात, कारण ती मानेत बरोबर बसते. आमचं मत स्पष्ट आहे: दाबलेल्या हवेला पीव्हीसी नको. पाण्याच्या दाबाला ती चांगली, पण हवेच्या दाबाखाली तडकली तर तिचे तुकडे उडतात. अर्धा इंची जीआय (जस्ताचा थर दिलेली लोखंडी) पाइप घ्या, मीडियम क्लास. बाहेरचा व्यास २१.३ मिमीच्या आसपास आणि भिंत २.६ मिमी. दुकानात जाताना बाटली बरोबर न्या आणि तिथेच घालून बघा. जस्ताचा थर कुठे जाड, कुठे पातळ असतो; एखादा तुकडा अडतो. तो घरी आणून पॉलिश पेपरने घासला की बसतो. शेतीची २० मिमीची पाइप मात्र मानेत ढिली पडते, तिच्या नादी लागू नका. लांबी अशी धरा की बाटली बसल्यावर आत २५ सेंमी पाइप राहील. त्याचे दोन फायदे. बाटली उलटी असताना पाइपचं तोंड पाण्याच्या पातळीच्या वर राहतं, त्यामुळे पाणी हवेच्या नळीत उतरत नाही. आणि सुटताना रॉकेट पाइपवरूनच सरळ सरकतं. पाइप सोडेपर्यंत त्याने ताशी ३० किलोमीटरच्या आसपास वेग घेतलेला असतो, पंखांना काम करायला तेवढा लागतोच.

पाइपच्या खालच्या टोकाला आटे पाडून त्यावर जीआय सॉकेट चढवा. सॉकेटची वरची कड हाच बाटलीच्या तोंडाचा थांबा. या कडेपासून १० मिमी वर ओ-रिंगची खाच येते, आणि ती लेथवरच मारून घ्यायची. कानशीने खाच कधीच गोल होत नाही. सांगली, मिरज, कुपवाड किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत कुठल्याही लेथवाल्याचं हे दहा मिनिटांचं काम. त्याला कागदावर तीनच आकडे लिहून द्या: खाचेचा तळ १८.४ मिमी, रुंदी २.७ मिमी, ओ-रिंग १८ आतला व्यास आणि २ जाडी. रिंग चढल्यावर बाहेरून २२.४ होते आणि २१.७ च्या मानेत जाताना दोन्ही बाजूंनी ०.३५ मिमी दाबली जाते. एवढा दाब पुरे. खाच १८.८ ची झाली तर बाटली चढवताना रिंग कापली जाते, १८.० ची झाली तर ४० पीएसआयच्या पुढे कडेने बारीक फवारा सुरू होतो. रिंगेला सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा. खाचेच्या कडा धारदार ठेवू नका, लेथवरच हलका पेपर मारायला सांगा.

मान धरायला केबल टाय. ६० पीएसआयला बाटली १५-१६ किलोच्या जोराने वर उसळत असते, म्हणून ४.८ मिमी रुंदीचे बारा टाय लागतात. मानेखालचं कडं सुमारे ३३ मिमीचं असतं. सॉकेटभोवती इन्सुलेशन टेप गुंडाळून जाडी ३२ पर्यंत आणा, टाय उभे लावा, डोकी वर आणि आतल्या बाजूला, आणि सॉकेटवर दोन होज क्लिपांनी आवळा. डोकी कड्याच्या वरून अडकली पाहिजेत. उंची प्रत्यक्ष बाटली बसवूनच ठरवा, कारण मानेची उंची सगळ्या बाटल्यांची सारखी नसते. बाहेरून ४० मिमी पीव्हीसीचा ६ सेंमी तुकडा सरकता ठेवला की टाय उघडत नाहीत. तो दोरीने खाली ओढला की डोकी फाकतात आणि रॉकेट सुटतं. इथे दाब नाही, म्हणून इथे पीव्हीसी चालते.

या सरकत्या तुकड्याची घडण जमवायलाच खरा वेळ लागतो. तो ढिला असेल तर ५० पीएसआयला एखादं डोकं निसटतं, मग दुसरं, आणि रॉकेट आपल्या मर्जीने तिरकं जातं. घट्ट असेल तर दोरी ओढली तरी हलत नाही, आणि मग कोणीतरी हाताने सोडवायला पुढे वाकतं. सगळ्यात वाईट अपघात तिथे होतो. आतून पेपर मारून तो असा करा की बाटली बसलेली असताना दोन बोटांनी सरकला पाहिजे, पण स्वतःच्या वजनाने पडायला नको.

हवा ८ मिमीच्या पीयू (पॉलियुरेथेन) नळीतून द्या. नळी १० मीटर, दोन्ही टोकांना पुश कनेक्टर, आणि पंपाच्या बाजूला एका टीवर गेज, टायरचा व्हॉल्व्ह आणि छोटा बॉल व्हॉल्व्ह. बॉल व्हॉल्व्ह टाळू नका. रॉकेट अडकलं तर लांबूनच हवा सोडून देता आली पाहिजे. आटे टेफ्लॉनने गुंडाळा, गळती साबणाच्या फेसाने शोधा. सायकलचा उभा पंप पुरतो. कॉम्प्रेसर लावायचाच तर रेग्युलेटरशिवाय नाही; उघड्या कॉम्प्रेसरवर काटा ८० च्या पुढे कधी गेला ते कळतही नाही.

नवी बाटली पहिल्यांदा काठोकाठ पाण्याने भरून तपासा. सरकता तुकडा तारेने बांधून टाका, ९० पीएसआयपर्यंत न्या, दोन मिनिटं थांबा. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे बाटली फुटली तरी नुसती भिजवते. त्याच दाबाची हवा असती तर प्रकरण वेगळं. आता हे पाणी ओता, नंतरच उड्डाणाचं माप भरा.

अंगाचं थोडक्यात. पंख तीन, फ्लेक्सवाल्याकडच्या ३ मिमी पोकळ प्लास्टिक शीटचे. निवडणुका झाल्या की हा माल फुकट मिळतो. पंखाच्या मुळाशी १४ सेंमी, बाहेर ९ सेंमी. ते थेट बाटलीला न चिकटवता दुसऱ्या बाटलीचा मधला नळा कापून त्यावर बसवा आणि तो नळा टेपने बाटलीवर चढवा. फेविक्विकने पेट ठिसूळ होतं. तोल बघताना बाटली रिकामी हवी. दोरीचा फास घालून अख्खं रॉकेट जिथे आडवं राहतं तो गुरुत्वमध्य. रॉकेटची आडवी आकृती पुठ्ठ्यावर काढून कापा आणि बोटावर तोला, तो हवेच्या दाबाचा मध्य मानायचा. पहिला दुसऱ्याच्या पुढे, नाकाच्या बाजूला, बाटलीच्या एका व्यासाइतका म्हणजे १०-११ सेंमी तरी हवा. नसेल तर वजन पुढे वाढवा. टेनिसचा बॉल ५६ ते ५९ ग्रॅमचा असतो, तो बरोबर लागतो.

बॉल कुठे लावायचा, यात पुष्कळ जण फसतात. पॅराशूट असेल तर नाक सैल असतं, आणि बॉल त्या सैल नाकात घातला की पाणी संपताच घोटाळा होतो. हलकी बाटली हवेने लगेच मंदावते, जड नाक मात्र पुढेच जात राहतं. दोघांची ताटातूट होते आणि पूर्ण वेगात पॅराशूट फाटतं. बॉल बाटलीच्या बुडाला टेपने पक्का करा आणि नाक कागदासारखं हलकं ठेवा, म्हणजे वर जाताना हवाच त्याला दाबून धरते आणि शिखरावर वेग संपला की ते गळून पडतं. २०० ग्रॅमच्या रॉकेटला कचऱ्याच्या पातळ पिशवीचं ६० सेंमी व्यासाचं पॅराशूट, आठ दोऱ्या. उतरण्याचा वेग सेकंदाला ४ मीटर.

याच ४ मीटरमुळे जागा नीट निवडावी लागते. ५० मीटरवरून उतरायला बारा-तेरा सेकंद लागतात आणि मध्यम वाऱ्यात रॉकेट तेवढ्यात ६० मीटर वाहून जातं. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत त्या वाऱ्यासाठीच. रॉकेटवाल्याने तिथे जाऊ नये. कासला तर नाहीच, ते वारसास्थळ आहे. कृष्णाकाठी उसाच्या फडात पडलेलं रॉकेट तोडणीपर्यंत विसरायचं, आणि तासगावच्या बाजूला द्राक्षबागांच्या तारा आडव्या. आपल्याला माण-खटाव, आटपाडी, जतचे माळ, किंवा ज्वारी निघाल्यावरचं मोकळं रान. मालकाला विचारून. ज्वारीची धसकटं मात्र बाटलीला बारीक टोचे पाडतात, उतरल्यावर मान आणि अंग बोटाने चाचपून बघा. सकाळी नऊच्या आत वारा कमी असतो. शेतीपंपाच्या वीजतारांपासून लांब, आणि तारेवर अडकलं तर ते गेलं असंच समजायचं.

बाटली चढवायला लाँचर बांधाच्या कडेवर असा आडवा ठेवा की पाइपचं तोंड किंचित खाली झुकेल. बाटलीचं तोंड वर धरून पाइप आत सरकवा, रिंग बसली की तुकडा वर घ्या आणि मगच उभा करा. पाय खुंट्यांनी जमिनीत ठोका. त्यानंतर १० मीटरच्या आत कोणी नाही, बघे २० मीटरवर, पंप मारणाऱ्याला गॉगल. ६० ला पंप थांबवून काटा दहा सेकंद बघा. उतरत असेल तर हवा सोडा आणि रिंग तपासा.

उंची मोजायला लाँचरपासून ५० मीटरवर कोनमापक आणि ओळंबा घेऊन एकाला उभं करा. शिखराचा कोन ४५ अंश आला तर ५० मीटर अधिक डोळ्याची उंची. ४० ला ४२, ५० ला ६०. नीट जमलेलं रॉकेट ६० पीएसआयला ४० ते ६० मीटर जातं. ३० च्या खाली राहिलं तर दाब वाढवू नका. आधी पाण्याचं माप बघा, मग रिंग, मग वजन. झाकणाला ९ मिमीचं भोक पाडून जोर जास्त वेळ पुरवण्याचा प्रयोग त्यानंतरचा. त्यात पाणी संपायला ०.४ सेकंद लागतात, पण जोर उरतो जेमतेम ५० न्यूटन. रॉकेट हळू निघतं आणि बाजूला मीटरभर सळईचा आधार नसेल तर वाऱ्याकडे तोंड वळवतं. शिवाय त्याला लाँचरही दुसरा लागतो.