फियाट, बजिया आणि पाखले

मापुतोत, म्हणजे आफ्रिकेतल्या मोझांबिकच्या राजधानीत, शनिवारी सकाळी माझा स्वयंपाक बंद असतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बाई कोळशाच्या शेगडीवर कढई चढवून बसते. चवळी भिजवून वाटायची, त्यात कांदा-लसूण, आणि चमच्याने सोडायची भजी. तिला इथे म्हणतात 'बजिया'. लांबट पाव मधोमध चिरून ती त्यात पाच-सहा बजिया कोंबते आणि वर पिरी-पिरी ओतते, ती मात्र जरा जपूनच मागावी. भजी आपली, पाव पोर्तुगीजांचा, आमच्याकडच्या बोलीत पाखल्यांचा. आपल्या वडापावातलाही पाव त्यांचाच, शब्दासकट, पण ते आपण कधीच विसरून गेलोय.

तिथेच माझी गाठ पापांशी पडते. पापा आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतात. वयाने सत्तरी ओलांडलेली. मूळ उत्तरेचे, काबो देलगादो प्रांतातले, जातीने माकोंडे. इथे वडीलधाऱ्या माणसाला पापाच म्हणायचं, आणि ते मला 'फील्या' म्हणजे 'मुली' म्हणतात. माझं पोर्तुगीज अजून धडपडतंय. पण मी बांद्याची आहे, गोव्याच्या हद्दीला चिकटलेल्या गावची, हे कळल्यापासून त्यांना माझ्याशी बोलायला एक निमित्त मिळालंय. त्यांच्या लेखी आम्ही दोघं एकाच मालकाच्या, पोर्तुगीजांच्या, हाताखालून सुटलेले.

गेल्या सप्टेंबरातली गोष्ट. २५ सप्टेंबरला इथे सुट्टी असते. १९६४ साली त्या दिवशी शाई नावाच्या गावातल्या सरकारी ठाण्यावर फ्रेलिमोने, म्हणजे इथल्या स्वातंत्र्य चळवळीने, हल्ला केला आणि पोर्तुगीजांविरुद्ध सशस्त्र लढा सुरू झाला. पापा तेव्हा लहान होते. दोनतीन वर्षांनी, मिसरूडही फुटलेलं नसताना, ते रोवुमा नदी ओलांडून टांझानियातून दारूगोळ्याच्या पेट्या डोक्यावरून आणायला लागले. रात्री चालायचं, दिवसा काजूच्या झाडाखाली पडून राहायचं. विमानाचा आवाज येईतो विमान डोक्यावरून पुढे गेलेलं असायचं, असं ते म्हणाले.

"विमानं कुठली?" मी विचारलं.

"फियाट."

मला हसू फुटलं. माझ्या डोळ्यांसमोर दादर स्टेशनाबाहेरची काळी-पिवळी आली, मीटर खाली पाडणारी. पापा हसले नाहीत. मला ओशाळल्यासारखं झालं आणि त्या रात्री मी फियाट शोधत बसले.

मी पेशाने हिशेबनीस. एका व्यापारी कंपनीचे हिशेब सांभाळायला इथे आले. कुठलीही वस्तू समोर आली की ती कुणी घेतली, कुणाकडून, कुठल्या अटीवर, हे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. तर फियाट जी-९१, लढाऊ विमान. आराखडा इटलीचा. त्यातली एक खेप मुळात ग्रीस आणि तुर्कस्तानसाठी बनलेली, ती मागणी रद्द झाली म्हणून पश्चिम जर्मनीने ठेवून घेतली. १९६५ च्या सुमारास जर्मनीने त्यातली ४० विमानं पोर्तुगालला विकली. अट अशी की वापर फक्त पोर्तुगीज भूमीच्या संरक्षणासाठी, 'नाटो' कराराच्या चौकटीत. पोर्तुगालने मान डोलावली. विमानं आधी आफ्रिकेतल्या पोर्तुगीज गिनीत गेली, मग मोझांबिकमध्ये. कुणी विचारलंच तर लिस्बनचं उत्तर तयार होतं: आफ्रिकेतला मुलूख ही पोर्तुगीज भूमीच आहे.

हे उत्तर हवेतून आलेलं नव्हतं. १९५१ साली पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या सरकारने घटनेतून 'वसाहत' हा शब्दच काढून टाकला होता. वसाहती झाल्या 'सागरापलीकडचे प्रांत'. माणसं तीच, वेतकाठी तीच, सक्तीची कापूसलागवड तीच. पाटी तेवढी नवी. आमच्या धंद्यात याला खातं फिरवणं म्हणतात.

आणि हे खातं सर्वांत आधी वटवून पाहिलं ते आपल्यावर. १५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीच्या हद्दीवर निःशस्त्र सत्याग्रही गोव्यात शिरले आणि पोर्तुगीजांनी गोळ्या चालवल्या. आमचे आजोबा त्या दिवशी बांद्यात होते, पोरसवदा, जखमींना पाणी देणाऱ्यांत. त्यानंतर चार महिनेही झाले नव्हते, तेव्हा अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री कुन्हा यांनी संयुक्त निवेदन काढलं. त्यात गोव्याचा उल्लेख पोर्तुगालचे पूर्वेकडचे 'प्रांत' असाच होता. दिल्ली खवळली. आजोबांना डलेस हे नाव म्हातारपणीही पाठ होतं, आणि त्याला जोडून ते जे विशेषण लावत ते इथे लिहिण्यासारखं नाही.

महासत्तेला एवढं मन का मोडवत नव्हतं? समुद्राकडे पाहा. अटलांटिकच्या मधोमध आसोरेस बेटं आहेत, पोर्तुगालची. तिथल्या लाजेस तळावर अमेरिकेची विमानं उतरत, तेल घेत, पुढे युरोपला किंवा पश्चिम आशियाला जात. मार्च १९६१ मध्ये केनेडींच्या अमेरिकेने संयुक्त राष्ट्रांत अंगोला या पोर्तुगालच्या आफ्रिकी वसाहतीच्या प्रश्नावर चक्क पोर्तुगालविरुद्ध मत दिलं. सालाझार भडकला. तळाचा करार १९६२ अखेर संपणार होता, आणि तो काही नव्या कराराची घाई करीना. भाडेकरू घरमालकाशी किती दिवस भांडणार? अमेरिकेची भाषा हळूहळू मऊ झाली. डिसेंबर १९७१ मध्ये निक्सन सरकारने त्या तळाच्या बदल्यात जे पॅकेज दिलं त्यात ४० कोटी डॉलरहून जास्त कर्जाची सोय होती. कागदावर ते पैसे शेती, शाळा, विमानतळ वगैरेंसाठी. पण घरखर्च दुसऱ्याने उचलला तर तुमच्या खिशातला पैसा कुठे जाईल हे सांगायला हिशेबनीस कशाला हवा? तेव्हा पोर्तुगालच्या सरकारी खर्चाचा जवळपास ४० टक्के वाटा युद्धावर जात होता, अंगोला, गिनी आणि मोझांबिक अशा तीन आघाड्यांवर. पश्चिम युरोपातला सर्वांत गरीब देश तेरा वर्षं तीन युद्धं एकट्याच्या बळावर लढला, हे माझ्या तरी हिशेबात बसत नाही.

बाकी नोंदी भराभर सांगते. हेलिकॉप्टर आणि पाणबुड्या फ्रान्सच्या. सैनिकाच्या हातातली जी-३ रायफल जर्मन बनावटीची, परवान्यावर लिस्बनमध्ये तयार होणारी. एप्रिल १९७४ मध्ये लिस्बनच्या सैनिकांनी आपलंच सरकार उलथवलं आणि लोकांनी बंदुकांच्या नळ्यांत लाल कार्नेशनची फुलं खोवली, ते फोटो तुम्ही पाहिले असतील. त्यांतल्या बऱ्याच बंदुका याच.

मला जास्त गुंतवलं ते सोन्याने. या देशाच्या दक्षिणेकडचे पुरुष पिढ्यानपिढ्या दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत जातात. खाणीतून परतलेल्या माणसाला इथे 'मागाइसा' म्हणतात: डोक्यावर ट्रंक, खांद्यावर घोंगडी आणि बहुतेक वेळा छातीत खोकला. मुंबईच्या गिरण्यांतून कोकणात मनिऑर्डर यायची, तसाच हा प्रकार, फरक एवढाच की मध्ये सरकार बसलेलं. दोन सरकारांतल्या करारानुसार मजुराच्या पगाराचा मोठा भाग खाणीत त्याच्या हाती न देता राखून ठेवत. तो पोर्तुगीज सरकारकडे जाई, आणि युद्धाच्या काळात तो सोन्याच्या रूपात, जुन्या ठरलेल्या सरकारी भावाने. बाजारात सोनं चढलं की मधला फायदा लिस्बनचा. मजुराला गावी परतल्यावर मिळत एस्कुदोच्या नोटा. म्हणजे त्याच्याच भावांवर उडणाऱ्या विमानांच्या तेलात त्याचाही घाम होता, आणि त्याला पत्ता नव्हता. हे मी पापांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पत्ता होता. पण पोट होतं ना."

झांबेझीवरचं काहोरा बासा धरणही त्याच काळातलं. १९६९ साली करार झाला. बांधकामात दक्षिण आफ्रिकी, जर्मन, फ्रेंच कंपन्या आणि वीज जायची दक्षिण आफ्रिकेला. स्वीडनमध्ये ओरड झाल्यावर तिथली आसेया कंपनी बाहेर पडली. बाकीच्या बहुतेक राहिल्या. धरणाची बहुसंख्य मालकी मोझांबिककडे यायला २००७ उजाडलं.

आणि मग ब्रिटन. इंग्लंड-पोर्तुगाल मैत्रीचा करार १३७३ चा, म्हणजे जुलै १९७३ मध्ये सहाशे वर्षांचा सोहळा, त्यासाठी पोर्तुगालचे पंतप्रधान कायतानो लंडनला निघालेले. त्यांच्या आगमनाच्या आठवडाभर आधी 'टाइम्स'ने फादर एड्रियन हेस्टिंग्ज यांचा मजकूर छापला: डिसेंबर १९७२ मध्ये तेते प्रांतातल्या विरियामूत पोर्तुगीज सैनिकांनी शेकडो गावकऱ्यांना मारलं. बाया, पोरं, सगळे. रस्त्यावर निदर्शनं झाली. मेजवानी मात्र रद्द झाली नाही.

दुसऱ्या बाजूलाही परदेशी हात होतेच, ते झाकण्यात अर्थ नाही. फ्रेलिमोला शस्त्रं सोव्हिएत संघ आणि चीनकडून आली, तळ टांझानियाने दिले. इथल्या राष्ट्रध्वजावर आजही एके-४७ आहे, संगिनीसकट. माझ्या डोळ्याला ती अजून सरावलेली नाही. पण तराजूची दोन्ही पारडी सारखी, असं मला कुणी म्हटलं तर पटणार नाही. एकाला स्वतःचं घर परत हवं होतं.

या सगळ्यात एक आपला माणूसही होता: आकिनो द ब्रागांसा, जन्माने बार्देशकर. पत्रकार, पोर्तुगीज वसाहतींतल्या चळवळींना एकत्र बांधणाऱ्यांपैकी, आणि पुढे मोझांबिकचे अध्यक्ष सामोरा माशेल यांचे सल्लागार. १९८६ साली माशेल यांच्याबरोबर विमान अपघातातच गेले. गोव्यात त्यांचं नाव किती जणांना ठाऊक असेल?

परवाच्या शनिवारी पापांनी बजिया खाता खाता विचारलं, "तुमच्या गोव्याला किती वर्षं लढावं लागलं?"

मी सांगितलं, साडेचारशे वर्षं राज्य होतं, मधे बंडं झाली, सत्याग्रह झाले, पण शेवटी लष्कर गेलं तेव्हा सगळं ३६ तासांत आटपलं. डिसेंबर १९६१. सुरक्षा परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, तुर्कस्तान यांनी भारताने मागे हटावं असा ठराव आणला, सोव्हिएत संघाने नकाराधिकार वापरला.

"छत्तीस तास," ते म्हणाले आणि पहिल्यांदाच मोठ्याने हसले. "आम्हाला दहा वर्षं."

मग मी त्यांना उरलेली गोष्ट सांगितली, जी मलाही इथे आल्यावरच कळली. गोवा हातचा गेल्याचा राग पोर्तुगीजांनी इथल्या भारतीयांवर काढला. भारतीय नागरिकांना छावण्यांत डांबलं, दुकानं-मालमत्ता गोठवली, १९६२ मध्ये हाकलून दिलं. बहुतेक गुजराती व्यापारी, इथल्या भाषेत 'बानियान'.

पापांचा हात पावापाशी थांबला. त्यांच्या गावच्या बाजारात एक बानियान होता, म्हणाले. आई त्याच्याकडून कापुलाना, म्हणजे लुगड्यासारखं नेसायचं कापड, उधारीवर आणायची. एका सकाळी दुकानाला कुलूप होतं आणि दाराशी शिपाई. आईने घरी येऊन सांगितलं, बानियान रात्रीतून पळाला, चोर असणार.

"म्हणजे तो पळाला नव्हता," ते म्हणाले.

"नाही."

"आईची उधारी राहिली होती त्याच्याकडे." त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "दोन कापुलाना."