पाचवा विषय कोणता घ्यायचा?

दहावीचा निकाल लागला की पालक शाळेत येतात, आणि त्यातले काही माझ्याकडेही वळतात. मी कोथरूडच्या एका सीबीएसई शाळेत अकरावी-बारावीला पेंटिंग शिकवते. प्रश्न ठरलेले. "मॅडम, पेंटिंग घेतलं तर बाहेरच्या युनिव्हर्सिटीला चांगलं दिसतं का?" आणि लगेच त्याच दमात, "जेईईला अडचण तर नाही ना येणार?"

दुसऱ्याचं उत्तर सोपं, म्हणून आधी ते उरकते. आयआयटी प्रवेशासाठी बारावीला ७५ टक्क्यांची जी अट आहे ती पाच विषयांवर मोजतात: फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, एक भाषा आणि आणखी कुठलाही एक. हा पाचवा पेंटिंग असला तरी चालतो. फक्त "स्कोअरिंग आहे" एवढंच ऐकून येऊ नका. ७० मार्कांचं प्रात्यक्षिक असतं, पण ३० मार्कांचा लेखी पेपरही असतो. त्यात राजस्थानी, पहाडी, मुघल, दख्खनी लघुचित्रं येतात आणि बशोली कुठली, कांगडा कुठली यात भलेभले अडखळतात.

पहिला प्रश्न अवघड, कारण तो चुकीच्या टोकाकडून विचारलेला असतो. आपल्याकडे चित्रकलेची ओळखच मुळी एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षांतून होते. इंटरमिजिएटला ए ग्रेड आली की एसएससीला ७ गुण जास्तीचे. कलेचे गुण मिळतात हे एकदा डोक्यात बसलं की पालकांना वाटतं, अमेरिकेतही असाच एखादा तक्ता असणार. पेंटिंगला इतके, कथकला तितके. असा तक्ता नाही हो.

उलट तिथल्या मुलांचं दुखणं निराळंच आहे. माझी भाची न्यू जर्सीत हायस्कूलला आहे. गेल्या वर्षी तिचा फोन, "मावशी, ऑर्केस्ट्रा सोडू का?" व्हायोलिन ती लहानपणापासून वाजवते, म्हणून मी चरकलेच. भानगड अशी की तिच्या शाळेत एपी, म्हणजे हायस्कूलमध्येच घेता येणाऱ्या कॉलेजच्या पातळीच्या, विषयात ए मिळाला तर ५ धरतात आणि साध्या विषयातल्या ए ला ४. सरासरी ४.६ असलेल्या मुलीने ऑर्केस्ट्रात पैकीच्या पैकी मिळवले तरी सरासरी खालीच येते! वर्गातल्या दोघातिघांनी वाद्यं याच हिशेबापायी ठेवून दिली होती. मी तिला म्हटलं, शाळेच्या काउन्सेलरला विचार, माझ्यावर विसंबू नकोस. पण मला माहीत होतं तेवढं सांगितलं: बरीच कॉलेजं गुणांची सरासरी आपल्या पद्धतीने पुन्हा काढतात, आणि शाळेत काय उपलब्ध होतं आणि त्यातलं तू काय घेतलंस हेही बघतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या आवश्यक विषयांच्या यादीत तर कलेचं एक पूर्ण वर्ष आहेच. गणित-विज्ञान भक्कम असेल तर एका ऑर्केस्ट्राने आभाळ कोसळत नाही. तिने व्हायोलिन ठेवलं. प्रवेशाचं काय होईल ते होईल.

आता इथलं. माझं मत असं की कलेचा विषय घ्यायचा तर दोन वर्षं त्यात काम साठलं पाहिजे. अकरावीत गिटार, दिवाळीनंतर कॅलिग्राफी, बारावीत महिनाभर पॉटरी, हे म्हणजे अर्जाच्या मिसळीवर शेव भुरभुरवणं. वाचणाऱ्याला ते कळतं. आमच्या प्रात्यक्षिकातही २० मार्क पोर्टफोलिओला आहेत, आणि त्यात कच्च्या रेखाटनापासून पुरं चित्र होईपर्यंतचा प्रवास दिसावा लागतो. तिकडच्या एपी आर्टमध्ये तर लेखी पेपरच नाही. १५ प्रतिमा एकाच शोधाच्या, सराव आणि फेरफारासकट, आणि ५ निवडक कामं.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे फिजिक्सला जाऊ पाहणारी एक मुलगी होती. रविवारी सकाळी मंडईत जाऊन बसायची. आधी सगळे काढतात तशी तिनेही अष्टकोनी इमारत काढली, टोकदार मनोरा वगैरे. ते पान मला आवडलं नाही. मग तिची नजर खाली आली. एका कांदेवालीचा तराजू. तोच तराजू पानोपानी: एक पारडं वर, दोन्ही सम, वजन ठेवताना कललेला, बाईचा अंगठा दांडीवर. एका पानावर पावसाचे थेंब पडून शाई पसरलेली आणि शेजारी पेन्सिलीने लिहिलंय, "साखळी ताणलेली दिसत नाहीये, परत." ती वही तिने स्कॅन करून अर्जाबरोबर पाठवली. (एमआयटीसारख्या इंजिनिअरिंगच्या ठिकाणीसुद्धा कलेचा पोर्टफोलिओ पाठवता येतो, हे पालकांना सांगितलं की त्यांना माझाच संशय येतो.) तिच्यासाठी शिफारसपत्र लिहायला मला अर्धा तासही लागला नाही. ज्यांनी सबमिशनच्या आदल्या रात्री इंटरनेटवरून सूर्यास्त उतरवला त्यांच्यासाठी मी काय लिहू? "विद्यार्थी नियमित आहे"?

आणि घरी गाणं चालू असेल, मूल गांधर्वच्या मध्यमापर्यंत पोहोचलं असेल, तर निव्वळ अर्जाला रंग यावा म्हणून पेंटिंग घेऊ नका. कॉमन अ‍ॅपमध्ये, म्हणजे तिकडच्या बऱ्याच कॉलेजांना चालणाऱ्या एकाच अर्जात, शाळेबाहेरच्या उद्योगांसाठी दहा जागा असतात, गाणं तिथे ऐटीत बसतं. मग पाचवा विषय खुशाल कॉम्प्युटर सायन्स घ्या.

जे पेंटिंग घेणार आहेत त्यांनी एवढं आत्तापासून करा: प्रत्येक चित्रामागे तारीख घाला, फोटो खिडकीजवळच्या उजेडात काढा, ट्यूबलाइटखाली नको, आणि बिघडलेली पानं फाडू नका. आमच्या शाळेत जुलैपर्यंत विषय बदलता येतो. तोवर मुलाला माझ्या तासाला बसू द्या. आईबाबांनी मात्र बाहेर थांबायचं.