तीन नंबरचा बावटा आणि कॅप्टन फिट्झरॉय

नवी मुंबईतल्या दिवाळे गावच्या किंवा वाशीच्या कोळीवाड्यात ‘तीन नंबरचा बावटा लागलाय’ (म्हणजे बंदरावर खराब हवामानाच्या इशाऱ्याची खूण चढली) म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. होड्या खाडीतच राहतात. या बावट्याचा मूळपुरुष म्हणजे रॉबर्ट फिट्झरॉय (१८०५-१८६५). डार्विनला नेणाऱ्या ‘बीगल’चा कप्तान एवढीच त्याची ओळख उरली, हे मला मनापासून खटकतं.

१८२९च्या जानेवारीत, बीगलचा ताबा मिळून जेमतेम महिना-दीड महिना झालेला असताना, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर जहाज वादळात सापडलं आणि दोन खलाशी बुडाले. वायुभारमापकाचा पारा आधीच उतरला होता. त्याकडे आपण दुर्लक्ष केलं, हा सल त्याने जन्मभर बाळगला. १८३१ ते १८३६च्या सफरीत त्याने २२ क्रोनोमीटर (जहाजावरची अचूक घड्याळं) नेले होते. पुढे न्यूझीलंडचं गव्हर्नरपद दोन वर्षांतच गेलं.

खरं काम १८५४ नंतरचं. ब्रिटिश सरकारच्या नव्या हवामान खात्याचा प्रमुख झाल्यावर त्याने गरीब मच्छीमार बंदरांना वायुभारमापक वापरायला दिले. ऑक्टोबर १८५९मध्ये ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वेल्सच्या किनाऱ्यावर फुटलं, चारशेहून जास्त माणसं गेली. मग त्याने किनाऱ्यावरच्या १५ ठिकाणांहून रोज तारेने नोंदी मागवायला सुरुवात केली आणि फेब्रुवारी १८६१पासून बंदरांना वादळाचे इशारे जाऊ लागले.

इशारा म्हणजे डोलकाठीवर चढवलेला कॅनव्हासचा काळा शंकू किंवा ढोल. शंकूचं टोक वर असेल तर वादळी वारा उत्तरेकडून, खाली असेल तर दक्षिणेकडून. ढोल म्हणजे वारा दिशा बदलत येणार. दोन्ही एकत्र दिसले तर धोका मोठा. रात्री कंदिलांचा त्रिकोण किंवा चौकोन. निशाण वारा पडला की लोंबतं, शिवाय कडेने बघणाऱ्याला कळत नाही. शंकू मात्र कुठूनही त्रिकोणच दिसतो. आपण आजही ‘बावटा’ म्हणतो, पण ती वस्तू म्हणजे कापडी निशाण नव्हे.

अडचण अशी की ब्रिटनमधली वादळं पश्चिमेकडून यायची, आणि आयर्लंडच्या पलीकडे नुसता समुद्र, नोंद पाठवणारं कोणी नाही. त्यामुळे इशारे चुकायचे, टीका व्हायची. एप्रिल १८६५मध्ये त्याने स्वतःला संपवलं. १८६६मध्ये इशारे बंद केले गेले, पण दर्यावर्दींच्या मागणीमुळे ते पुन्हा सुरू करावे लागले.

वायुभारमापकाचा पारा बघून हवामान ओळखायचे त्याचे नियम आपल्याकडे जसेच्या तसे चालत नाहीत. इथे वायुभार रोज सकाळी दहाच्या सुमारास चढतो आणि दुपारी चारच्या सुमारास तीनेक मिलिबारने उतरतो, आकाश स्वच्छ असलं तरी. म्हणून दुपारच्या आकड्याची तुलना सकाळच्या आकड्याशी करू नका, कालच्या त्याच वेळेच्या आकड्याशी करा. वर्षाच्या त्या दिवसांतल्या नेहमीच्या सरासरीपेक्षा ३ मिलिबार कमी असेल तर सावध व्हा. ५ कमी म्हणजे चक्रीवादळ जवळ आहे असंच धरा. मोबाइलमधला वायुभारमापक वापरत असाल तर मजला लक्षात घ्या. दर आठेक मीटर उंचीला एक मिलिबार कमी होतो, त्यामुळे खारघरच्या टॉवरमधल्या दहाव्या मजल्यावरचा आकडा बेलापूरच्या जेट्टीवरच्या आकड्याशी ताडून बघण्यात अर्थ नाही.

बावट्यांचे आकडेही नीट समजून घ्यावेत. एक आणि दोन म्हणजे वादळ दूर समुद्रात. तीन आणि चार म्हणजे खुद्द त्या बंदरालाच खराब हवामानाचा इशारा. पाच ते दहा धोक्याचे, आणि त्यातल्या पाच-सहामधला फरक वादळाच्या वाटेचा: बंदर त्या वाटेच्या डावीकडे राहील तर पाच, उजवीकडे राहील तर सहा. आपल्या गोलार्धात उजवी बाजू जास्त वाईट, कारण तिथे वाऱ्याच्या वेगात वादळाच्या चालीचा वेग मिळतो. अकरा नंबर लागला तर हवामान केंद्राशी संपर्कच तुटलेला असतो.