सासवडला चाळीस मुलं नेताना: देवळं, घाटाची सफाई आणि सोमवारचा बाजार

अशा सहलीची तारीख देवळावरून नाही, बाजारावरून ठरवायची. देऊळ रोज तिथेच असतं. पुण्याजवळच्या सासवडचा आठवडे बाजार सोमवारी, म्हणजे कॉलेजचा एक दिवस बुडणार, आणि प्राचार्यांची सही नेमकी तिथे अडते. आम्ही अर्जात 'सहल' हा शब्दच टाळला. 'क्षेत्रभेट' लिहिलं आणि ती कुठल्या विषयाच्या प्रकल्पात धरली जाणार तेही लिहिलं. सही झाली.

सोमवार महादेवाचाही वार, त्यामुळे श्रावण आणि महाशिवरात्रीच्या आसपासचे दिवस सोडून द्या. गर्दीत झाडू कुठे मारणार? आषाढी वारीतही माउलींची पालखी सासवडला दोन मुक्काम करते, तेव्हा दिवेघाटातून गाडी नेण्याचा विचारच नको. डिसेंबर-जानेवारी उत्तम: ऊन सोसवतं आणि पुरंदरची खट्टा बहाराची (हिवाळ्यात येणाऱ्या पिकाची) अंजिरं बाजारात असतात.

गाडी एसटीची, प्रासंगिक करारावर, म्हणजे अख्खी बस आपल्यापुरती भाड्याने. कॉलेजच्या लेटरहेडवर अर्ज, मुलांची यादी आणि जायची सगळी ठिकाणं घेऊन आगारात जायचं. शैक्षणिक सहलीला भाड्यात सवलत मिळते, पण हिशेब किलोमीटरवर असतो. अर्जात फक्त 'सासवड' लिहून ऐनवेळी 'नारायणपूरही करू' म्हटलं की फरक भरावा लागतो. पालकांची संमतीपत्रं आठ दिवस आधी मागा. आदल्या दिवशी निम्मी 'घरी राहिली' असतात.

स्वारगेटहून साडेसहाला निघालं की आठच्या आत संगमेश्वर. आधी गाडीतच पोहे, मग काम. उपाशी मुलं अर्ध्या तासात सावली शोधतात. हे देऊळ कऱ्हा नदीच्या संगमावर आहे आणि काम घाटाच्या पायऱ्यांवर. आठ-आठ जणांचे पाच गट केले: तीन गट कचरा उचलणारे, एक वेगळा करणारा, एक पोत्यांची तोंडं बांधून वर आणणारा. सामान: रबरी हातमोजे पन्नास जोड (फाटतात), रिकामी पोती तीस, खराटे दहा, घमेली आठ, हात धुवायला वीस लिटरचे चार जार आणि साबण. नदीच्या पाण्यात हात धुवू देऊ नका. पायांत बूटच हवेत. दगडाखाली विंचू असतो.

निर्माल्य दिसतं फुलांचं, पण निघतं निराळंच: प्लास्टिकच्या पिशव्या, साड्यांचे तुकडे, देवांच्या फुटक्या तसबिरी. काचेसाठी वेगळं, जाड पोतं ठेवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पोती उचलणार कोण? नगरपरिषदेला आधी पत्र देऊन घंटागाडीची वेळ पक्की केली नाही, तर भरलेली पोती घाटावरच राहतात आणि दोन दिवसांत कुत्री ती फोडतात. मग आधी होतं तेच बरं होतं.

मुलांचा उत्साह देवळाच्या भिंतीकडे वळला की थांबवायचं. तारेचा ब्रश नाही, ॲसिड नाही, साबणही नाही; घासल्याने कोरीव कामाची धार जाते आणि ती परत येत नाही. सांध्यात उगवलेला पिंपळ ओढून काढायचा नाही, मुळाबरोबर दगड सरकतो. आवारात पडलेला कोरीव दगड म्हणजे राडारोडा नव्हे. तो जिथे आहे तिथेच राहू द्या, हवं तर फोटो काढून जागेची नोंद करा.

दहाला काम बंद. तिथून नारायणपूर रस्त्यावर, कऱ्हेच्याच काठी चांगावटेश्वर. इथले खांब निवांत बघण्यासारखे आहेत. चाळीस जण एकदम आत घातले तर कुणालाच काही दिसत नाही. वीस आत, वीस बाहेर तळाचा आराखडा काढायला. पुढे पुरंदरच्या पायथ्याशी नारायणेश्वर, यादवकाळातलं. गाभाऱ्याच्या दाराची चौकट बघायला बॅटरी हवी, मोबाइलचा उजेड पुरत नाही. शेजारी एकमुखी दत्ताचं देऊळ आहे, पौर्णिमेला तिथे गर्दी असते, म्हणून सोमवारी पौर्णिमा येत नाही ना, एवढं पंचांगात बघून घ्या. जेवण पिठलं-भाकरी, संख्या आदल्या दिवशी कळवली तरच भाकरी गरम मिळते.

बाजारात तीनला. जोडी-जोडीने सोडायचं, प्रत्येक जोडीला शंभर रुपये, तेही दहा-वीसच्या नोटांत. भाजीवालीसमोर पाचशेची नोट धरली की बोलणं तिथेच संपतं. काम एवढंच: एका मालाचा भाव तीन ठिकाणी विचारायचा, माल कुठल्या गावचा ते विचारायचं आणि काहीतरी विकत घ्यायचं. नुसती चौकशी करणारी टोळी कुणालाच नको असते. वही लगेच बाहेर काढू नका, माणसं भाव सांगताना सावध होतात. चार पावलं पुढे जाऊन लिहा. पाच रुपयांसाठी घासाघीस करून ती 'बचत' म्हणून वहीत लिहिणाऱ्यांना मी गुण देत नाही.

साडेचारला हजेरी, पावणेपाचला गाडी सुटलीच पाहिजे. त्यानंतर हडपसर तुंबतं. अंजिरं गाडीच्या टपावर किंवा पिशवीच्या तळाशी नाहीत, मांडीवर. नाहीतर दिवेघाट उतरेपर्यंत त्यांचा लगदा होतो.