तुम्ही विचारलंत म्हणून : जुहूचा निळा उजेड

थंडी पडायला लागली (मुंबईत पडते तेवढी) की एकच व्हिडिओ मला चार-पाच जणांकडून येतो. काळोखात जुहूची लाट फुटते आणि तिच्या कडेने निळा उजेड धावत जातो. खाली ठरलेला प्रश्न: "मॅडम, हे शेवाळ की प्राणी?" एकतीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, तेव्हा हा प्रश्न माझ्याच दारात येणार. 2020 च्या नोव्हेंबरात या लाटा बातम्यांत झळकल्या तेव्हा तर आमच्या इस्त्रीवाल्यानेही विचारलं. मी दरवेळी दोन ओळींत सांगते आणि दरवेळी ते अर्धवट राहतं.

त्या दोन ओळी अशा: तिचं नाव नॉक्टिल्युका. ती शेवाळही नाही आणि प्राणीही नाही.

त्या वर्षी मी पार्ल्याहून रिक्षा करून गेले होते. पाण्याच्या बाटलीत समुद्र भरून आणला, न्हाणीघरातला दिवा बंद केला आणि बाटली हलवली. निळ्या ठिणग्या उडाल्या आणि क्षणात विझल्या. पुन्हा हलवली, पुन्हा उडाल्या, जरा कमी. सकाळी तेच पाणी काचेच्या वाटीत ओतून खिडकीशी धरलं, तर खसखशीएवढे पारदर्शक गोळे तरंगत होते. भिजलेला साबुदाणा खसखशीच्या मापाचा केला तर दिसेल तसे. एवढा एक दाणा म्हणजे एकच पेशी! भिंगातून बघितलं की एका बाजूला खळगी दिसते आणि तिथून सोंडेसारखा एक धागा बाहेर आलेला असतो. त्याला चिकटेल ते ती गिळते: सूक्ष्म शेवाळं, इतर जीवांची अंडी, काय मिळेल ते. स्वतः अन्न तयार करत नाही.

पाणी ढवळलं की पेशीवर ताण येतो, आतल्या बारीक कणांतलं पाणी एकदम आम्लधर्मी होतं, ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य ऑक्सिजनशी संयोग पावतं आणि सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याएवढा उजेड पडतो. कशासाठी, तर एक तर्क मला पटतो. हिला खायला आलेला छोटा जीव त्या उजेडात उघडा पडतो आणि त्याला खाणारा मोठा मासा सावध होतो. "चोर, चोर" म्हणून ओरडायचंच, फक्त दिवा लावून.

आता शेवाळ की प्राणी. शाळेत आपण व्हिटेकर या शास्त्रज्ञाची सजीवांची पाच सृष्टींत केलेली विभागणी शिकलो, 1969 सालची. मोनेरा, प्रोटिस्टा, कवकं, वनस्पती, प्राणी. यातली प्रोटिस्टा म्हणजे मुंबईच्या घरातला माळा. जे कुठेच ठेवता येत नाही ते वर टाकायचं आणि पडदा ओढायचा. मीही वर्षानुवर्षं तसंच शिकवलं, परीक्षेला तेवढं पुरायचं. पण माळा उपसला की कळतं, तिथे एक घराणं नव्हतंच. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन एकपेशीय जीवांमधलं अंतर माणूस आणि भूछत्र यांच्यातल्या अंतरापेक्षा जास्त असू शकतं.

आणि हा सगळा घोळ खाण्यापिण्यातून झालेला आहे. शंभर कोटी वर्षांहूनही आधी एका पेशीने एक नीलहरित जीवाणू गिळला आणि पचवला नाही. तो आत राहिला, उन्हावर साखर करू लागला. पागडीच्या भाडेकरूसारखा तो मग कधी निघालाच नाही. हळूहळू त्याचे बहुतेक जनुक मालकाच्या केंद्रकात गेले, म्हणजे खोली त्याची पण कागदपत्रं मालकाच्या कपाटात. हिरव्या पानातलं हरितलवक ते हेच. लाल आणि हिरवी शेवाळं, झाडं, सगळी या एका भाडेकरारातून आली. पुढे काही पेशींनी अख्खं लाल शेवाळच गिळलं, आतल्या भाडेकरूसकट. डब्यात डबा, त्यात डबा. नॉक्टिल्युकाच्या भाऊबंदांत, म्हणजे डायनोफ्लॅजेलेटांत, साधारण निम्मे अशा चोरीच्या हरितलवकावर जगतात आणि उरलेले शिकारी आहेत. काही दोन्ही करतात. वर उत्तर अरबी समुद्रात तर नॉक्टिल्युकाच हिरवी असते, कारण तिच्या पोटात हजारो जिवंत हिरवी शेवाळं पोहत असतात. तिला कुठल्या रकान्यात लिहायचं?

इथपर्यंत लोक ऐकून घेतात. पुढचं ऐकलं की तोंड वाकडं करतात: जुहूचा हा निळा उजेड मलेरियाच्या जंतूचा चुलत भाऊ लागतो.

2011 च्या पावसाळ्यात मला मलेरिया झाला, व्हायव्हॅक्स जातीच्या जंतूचा. ताप उतरल्यावर हट्टाने माझ्या रक्ताची स्लाईड बघितली. तांबड्या पेशीत निळसर कडं आणि कडेला लाल ठिपका, अगदी खड्याची अंगठी. या जंतूच्या आणि नॉक्टिल्युकाच्या आवरणाखाली चपट्या पिशव्यांचा थर असतो. शाळेत चपलेसारखा काढलेला पॅरामिशिअमही त्याच कुळातला. खरा पुरावा मात्र आणखी आत आहे. मलेरियाच्या जंतूत चार पापुद्र्यांची एक बारीक पिशवी आहे, तिच्यात स्वतःचा छोटासा डीएनए. 1990 च्या दशकात त्या डीएनएची ओळख पटली. ते हरितलवक होतं! हिरवा रंग गेलेलं, उन्हाशी संबंध तुटलेलं, तरी हरितलवकच. चार पापुद्रे म्हणजे गिळणाऱ्यांच्या खुणा. या जंतूचे पूर्वज कधीकाळी उन्हात साखर करत होते. 2008 मध्ये सिडनीच्या बंदरातल्या प्रवाळातून मिळालेल्या क्रोमेरा नावाच्या जीवाचं वर्णन छापून आलं. तो मलेरियाचा जवळचा नातेवाईक आणि अजूनही उन्हावर जगणारा.

मग जंतूने ते निकामी लवक टाकून का दिलं नाही? तर त्यात एक रसायन अजून बनतं, ज्याच्यावाचून त्याचं चालत नाही. म्हणूनच मलेरियाच्या काही रुग्णांना डॉक्टर मुख्य औषधाबरोबर डॉक्सिसायक्लिन देतात. जीवाणूंवरचं औषध इथे कशाला, असं आमच्या शेजारच्या काकांनी मला विचारलं होतं. त्या पिशवीतला कारखाना मूळचा जीवाणूचाच आहे, औषध तिथे बसतं. गंमत म्हणजे जंतू लगेच मरत नाही, पुढची पिढी मरते. त्यामुळे ते सावकाश काम करतं आणि एकटं देत नाहीत. मला मात्र प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यावं लागलं, कारण व्हायव्हॅक्सचे काही जंतू यकृतात झोपून राहतात.

मुंबईला हा पाहुणा जुना. 1911 मध्ये डॉ. बेंटली यांनी शहरातल्या मलेरियावर अहवाल लिहिला आणि विहिरींकडे बोट दाखवलं. आता विहिरींच्या जागी गच्चीवरच्या टाक्या आल्या. आमच्या टाकीचं झाकण महिनाभर वाकडं होतं, सांगून थकले. शेवटी स्वतः वर गेले. टाकीच्या कडेला हिरवं शेवाळ आणि पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर आडव्या पडलेल्या अळ्या. अशा आडव्या दिसल्या तर ॲनॉफिलीसच्या, म्हणजे मलेरिया पसरवणाऱ्या डासाच्या, तिरक्या लोंबकळत असतील तर क्युलेक्स या दुसऱ्या डासाच्या. त्या तेच शेवाळ खातात. एका टाकीत त्या जुन्या भाडेकरूचं घराणं, वाहक, आणि संध्याकाळी डास उडाले की जंतूचीही सोय!

तर जुहूला जायचं असेल तर अमावस्येच्या आसपास जा, दिव्यांपासून लांब उभे राहा, मोबाईलचा टॉर्च लावू नका. पहिली दहा मिनिटं काही दिसणार नाही, डोळे काळोखाला सरावायला वेळ लागतो. बाटलीत पाणी आणलंत तर दुसऱ्या दिवशी ओतून टाका, फार घाण वास येतो. आणि येताना गच्चीवर एक चक्कर मारून झाकण बघा.